लाकूडतोड्याची नियत

मॅक्स वेबर हा जर्मन समाजशास्त्रज्ञ १९२० साली वारला. 'अर्थव्यवस्था आणि समाज' हा त्याचा मोठा ग्रंथ त्याच्या मागे प्रसिद्ध झाला. त्या जाडजूड ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक लाकूडतोड्या भेटतो. आपल्या बालपणीच्या गोष्टीतल्यासारखी त्याची कुऱ्हाड पाण्यात पडत नाही आणि कोणी देवता वर येऊन त्याला सोन्याची कुऱ्हाडही दाखवीत नाही. तो आपला लाकूड तोडतो आहे आणि वेबर बाजूला उभा राहून विचारतो, हा नेमके काय करतो आहे? लाकूड तोडतो आहे, हे तर कोणालाही दिसते. पण कशासाठी? मजुरी मिळते म्हणून? घरची चूल पेटावी म्हणून? अंग मोकळे व्हावे म्हणून? की घरात भांडण झाले आणि राग कुऱ्हाडीवाटे बाहेर पडतो आहे? हात तेच, कुऱ्हाड तीच, लाकूड तेच. कृती मात्र प्रत्येक वेळी निराळी. करणाऱ्याच्या मनात त्या कृतीचा जो अर्थ आहे तो कळत नाही तोवर समाजाबद्दल आपल्याला काहीच कळलेले नाही, असे वेबरचे म्हणणे. या विचारधारेला अन्वयार्थी समाजशास्त्र असे नाव आहे.

नाव अवघड असले तरी आपल्या वाचकांना ही गोष्ट नवी वाटू नये. कर्माचे मोल नियतवर ठरते, हे आपल्या घरात मूल मदरशात जाण्याआधीच ऐकते. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्नपाणी न घेतलेली दोन माणसे शेजारी बसली आहेत. एकाचा रोजा आहे, दुसऱ्याच्या घरात दाणा नाही. वजनकाट्यावर, वैद्याच्या तपासणीत दोघे सारखेच. (येथे एक खुलासा केला पाहिजे. मराठीत 'नियती' म्हणजे दैव, जे माणसाच्या हातात नाही. आणि आपली 'नियत' म्हणजे नेमके तेच, जे फक्त माणसाच्याच हातात आहे. एका वेलांटीने केवढे अंतर पडते!) वेबरने जे सांगितले ते आपल्याकडे होतेच, असा दावा आम्ही करणार नाही. तसले दावे करण्याची आपल्या समाजाला वाईट खोड आहे. मात्र अल् बिरुनीचे नाव घ्यायला हरकत नाही. १०३० च्या सुमारास त्याने हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला तेव्हा तो आधी संस्कृत शिकला, आणि येथील लोक आपल्या धर्माबद्दल जे म्हणतात ते त्यांच्याच म्हणण्याप्रमाणे मांडायचे, वाद घालत बसायचे नाही, असे त्याने प्रस्तावनेतच ठरवून टाकले. उलट खुद्द वेबरने इस्लामबद्दल लिहिले ते दुरूनच. त्याला त्यात मुख्यतः योद्ध्यांचा धर्म दिसला. आतून समजून घ्या असे सांगणाराही कधी कधी उंबऱ्यावरूनच परततो.

वेबरचा हा लाकूडतोड्या आम्हांला पुस्तकात भेटला आणि आठवण झाली ती गडचिरोलीची. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. त्याच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भागावर जंगल आहे. गोंड, माडिया, परधान, त्यांच्याबरोबर ढिवर, गोवारी, दलित, आणि मोठ्या गावांतून आपलीही काही घरे. या जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा इतिहास एका वाक्यात सांगायचा तर तो लाकूड तोडणाऱ्या माणसाच्या नियतवरून चाललेल्या भांडणाचा इतिहास आहे. हा माणूस चोर आहे की मालक, मजूर आहे की राखणदार, हे कोणी ठरवायचे?

सरकारने ते कागदावर ठरवून टाकले. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे आला. १८६५, मग १८७८, मग १९२७ असे वन कायदे होत गेले. १९२७ च्या कायद्यातले ६९ वे कलम वाचण्यासारखे आहे. वनोपज सरकारची आहे की नाही असा प्रश्न उभा राहिला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, ती सरकारचीच आहे असे धरून चालावे, असे ते सांगते. म्हणजे खांद्यावर मोळी घेऊन येणारा माणूस नाक्यावर भेटला की त्याला काहीही विचारण्याआधी त्याचा अर्थ ठरलेला आहे. मोळी आजारी आईच्या शेकोटीसाठी आहे, लग्नाच्या मांडवासाठी आहे की बाजारासाठी, याला पंचनाम्यात रकानाच नाही.

पूर्वी असा रकाना अजिबात नव्हता असे नाही. मध्य प्रांतात जमाबंदी होताना गावोगाव एक कागद तयार होई. त्याचे नाव वाजिब-उल-अर्ज. जे सांगणे वाजवी आहे ते! किती देखणे नाव आहे. गावातला रिवाज काय, पाणी कोणी कुठले घ्यायचे, गुरे कुठे चारायची, मालगुजाराच्या जंगलातून सरपण आणि बांधकामाचे लाकूड कोणी किती आणायचे, हे त्यात लिहिले जाई. घरखर्चापुरत्या या वापराला निस्तार म्हणत. आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात हा शब्द सहज येई. १९५१ मध्ये मालगुजारी आणि जमीनदारी गेली, जंगले सरकारजमा झाली. तोवर चांदा जुन्या मध्य प्रदेशात होता; १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही दोन्ही नावे विदर्भापुरती महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, १९६६ मध्येही, टिकून राहिली. पण दरम्यान 'हक्क' या शब्दाची जागा हळूहळू 'सवलत' या शब्दाने घेतली. हक्क असलेला माणूस घ्यायला येतो, सवलत असलेला मागायला येतो. माणूस तोच, जंगल तेच.

सारेच साहेब फक्त मोजमाप करीत होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी नागपुरात राहत होता. त्याने परधानांकडून गोंडांची लिंगोची कथा ऐकून टिपून घेतली. १८६३ मध्ये तो बुडून मरण पावला आणि त्याचे कागद १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलने छापले. मेजर लूसी स्मिथने १८६९ च्या चांदा जिल्ह्याच्या जमाबंदी अहवालात येथल्या गोंड राजांचा इतिहास गोळा केला. त्याची नियत महसुलाची होती. पण त्या अहवालाचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच. विसाव्या शतकात वेरियर एल्विन मध्य प्रांतातल्या आदिवासींत जाऊन राहिला आणि शेजारच्या बस्तरमधल्या मुरियांच्या गोटूलावर त्याने १९४७ मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी त्याआधीच, १९४३ मध्ये, एल्विनच्या भूमिकेवर टीका करून आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदू असे प्रतिपादन केले. एक म्हणतो त्यांना त्यांच्या जगात राहू द्या, दुसरा म्हणतो ते आपलेच आहेत, सामावून घ्या. या गाजलेल्या वादात आम्हांला एकच खटकते. आपण कोण आहोत याबद्दल गोंडांचे स्वतःचे काय म्हणणे आहे, हा प्रश्न त्यात मध्यभागी कधी आलाच नाही. आपल्याबद्दल दुसऱ्यांनी चालवलेले वाद ऐकत बसणे म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांना निराळे सांगायला नको.

आम्हीही तीच चूक केली आहे. पहिल्यांदा धानोऱ्याच्या बाजूला गेलो तेव्हा हातात छापील प्रश्नावली होती. एका गावात बसून आम्ही विचारले, जंगलातून वर्षाला किती उत्पन्न मिळते? माणसे गप्प झाली, एकमेकांकडे पाहू लागली. आम्हांला वाटले, प्रश्न समजला नाही. म्हणून तो आणखी सोपा करून विचारला. पुष्कळ दिवसांनी लक्षात आले की प्रश्न त्यांना समजला होता, आम्हांलाच समजला नव्हता. घरातल्या आईपासून वर्षाला किती उत्पन्न मिळते, असे विचारल्यासारखे ते होते. मोहफूल, चारोळी, तेंदू, कंद, भाजीपाला, औषध, देव, पुरलेले पूर्वज आणि सावली यांची एकत्र बेरीज होत नाही.

धानोरा तालुक्यातच मेंढा हे गाव आहे. लेखा हे शेजारचे गाव, म्हणून बाहेर त्याला मेंढा-लेखा म्हणतात. गोंडांची वस्ती, लोकसंख्या पाचशेच्या आसपास. इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध ऐंशीच्या दशकात 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन झाले, बाबा आमटे त्यात होते. त्या वाऱ्यातून हे गाव जागे झाले. देवाजी तोफा हे गावचे, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे बाहेरून येऊन गावाशी जोडलेले कार्यकर्ते. मोहनभाई २०२५ मध्ये गेले. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा या गावाने महाराष्ट्राला दिली. घोषणा पुष्कळ गावे देतात. मेंढ्याने त्याच्या जोडीला अभ्यास गट चालवले. कायदा म्हणजे काय, निस्तार म्हणजे काय, जंगल कोणाचे, असा एकेक विषय घेऊन बसायचे आणि बोलायचे. निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या संमतीने. एकाचे जरी पटले नाही तरी पुन्हा बसायचे. समाजशास्त्राचे अभ्यासक आणि कादंबरीकार मिलिंद बोकील यांनी या गावावर मराठीत पुस्तक लिहिले आहे; ते जिज्ञासूंनी जरूर वाचावे.

आम्हांला येथे सांगायची आहे ती गोटूलाची हकिकत. गावात नव्याने गोटूल बांधायचे ठरले. रिवाजाप्रमाणे जंगलातून सागाचे लाकूड आणले, खांब उभे राहिले. वन खात्याच्या लेखी तो सागवानाचा विनापरवाना वापर होता. गोटूल पाडण्यात आले, लाकूड नेण्यात आले. आता यात खोटे कोण बोलत होते? कोणीच नाही. खात्याच्या नोंदीत इमारती लाकूड होते, ते घनमीटरमध्ये मोजता येत होते. गावाच्या लेखी ते लाकूड नव्हतेच. तरुण पोरापोरींनी एकत्र जमण्याची, गाणी आणि कामे शिकण्याची, थोरांनी बसून तंटे मिटवण्याची ती जागा होती. आपल्या गावातल्या मशिदीच्या तुळया कोणी 'अवैध लाकूड' म्हणून काढून नेल्या, तर आपण त्याला लाकूडचोरीची कारवाई म्हणू काय? मेंढ्याने मारामारी केली नाही, गोटूल पुन्हा बांधले. आणि त्यांच्या जोडीने आसपासच्या गावांनीही आपापली गोटुले बांधायला घेतली. एका गावाचे लाकूड जप्त करता येते. सगळ्या मुलखाने एकच अर्थ लावला तर जप्ती कशाची करणार? खाते गप्प बसले.

बांबूचे भांडण याहून मोठे आणि, रागावू नये तर, काहीसे विनोदीही आहे. बांबू हे वनस्पतिशास्त्राप्रमाणे गवत. १९२७ च्या कायद्याने मात्र त्याला वृक्षाच्या व्याख्येत बसवले, आणि वृक्ष तोडला की ते इमारती लाकूड. येथल्या जंगलांतला बांबू वर्षानुवर्षे दीर्घ मुदतीच्या कराराने कागद कारखान्याला जात राहिला; टोपल्या विणणारा बुरूड आणि कुंपण घालणारा गोंड मात्र परवानगीची वाट पाहत बसला. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, असे त्याच्या उद्देशिकेतच कबूल केले आहे, आणि हा कायदा हक्क 'देत' नाही, ते 'मान्य' करतो. त्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. २००९ मध्ये मेंढ्याला अठराशे हेक्टरांहून अधिक जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना हवा आणि परवान्याचे पुस्तक खात्याकडे! एका कायद्याने गवत, दुसऱ्या कायद्याने झाड, अशा अवस्थेत बांबू रानातच उभा राहिला. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत मेंढ्यात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. मूळ वन कायद्यातल्या व्याख्येतून बांबू हा शब्द निघाला तो २०१७ साली. गवताला गवत म्हणायला नव्वद वर्षे लागली.

मराठीत अर्थ म्हणजे आशय आणि अर्थ म्हणजे पैसाही. मेंढ्याच्या बांबूत दोन्ही अर्थ ग्रामसभेच्या हाती एकदमच आले, म्हणून ती घटना मोठी. पण दोन्ही नेहमी एकाच दिशेने जातात असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेथल्या ग्रामसभेने बांबू ठेवला आणि तेंदूपाने तोडणे बंद केले. तेंदू म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा. विदर्भात विडी वळून संसार चालवणाऱ्या बायकांत आपल्याही घरातल्या कितीतरी आहेत, त्यांना या पानाची किंमत सांगायला नको. मग गावाने हातचा पैसा का सोडला? हिशेबनिसाला यात वेडेपणा दिसेल. गावाचे म्हणणे, चांगली कोवळी पाने यावीत म्हणून झाडे छाटली जातात, रानाला आगी लावल्या जातात, आणि तेंदूची फळे माणसालाही मिळत नाहीत, पाखरालाही नाहीत. हे वेडेपण नाही, निराळा हिशेब आहे. त्याची वही आपल्याला वाचता आली पाहिजे.

येथवर वाचून कोणाला वाटेल की आम्ही आदिवासींच्या प्रत्येक रिवाजापुढे हात जोडून उभे आहोत. तसे नाही. याच जिल्ह्यात गावाबाहेर कुर्मा नावाची झोपडी असते. पाळीच्या दिवसांत बाईने तेथे राहायचे, घरात यायचे नाही. पावसाळ्यात गळकी, रात्री अंधारी; तेथे सर्पदंशाने बायका दगावल्या आहेत. बाई घरात राहिली तर देव कोपेल, गावावर आजार येईल, असा त्यामागचा अर्थ आहे, आणि तो पुष्कळ बायकांच्या मनातही तितकाच पक्का आहे. हा अर्थ समजून घेतला नाही तर बाहेरून आलेला सुधारक झोपडी पाडील आणि बाई झाडाखाली बसेल. पण समजून घेणे म्हणजे पाठराखण करणे नव्हे. आतून पाहणारे शास्त्र येथे फार घसरते. 'त्यांचा तो अर्थ आहे' असे म्हणून हात झटकते. कोणाचा अर्थ? गावाचा म्हणून जो सांगितला जातो तो अनेकदा गावातल्या पुरुषांचा असतो. आपल्याकडे तरी निराळे काय होते? 'समाजाची भावना' म्हणून जे मंचावरून सांगितले जाते, ते सांगताना समाजातल्या बायकांना कोणी विचारलेले असते? १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या. दलवाईंची सगळी मते आम्हांला पटतात असे नाही. पण तलाकचा अर्थ काय होतो हे ज्यांना सोसावे लागत होते, त्या पहिल्यांदा रस्त्यावर येऊन तो सांगत होत्या. सातच होत्या म्हणून तो अर्थ लहान ठरत नाही.

आता लूसी स्मिथच्या अहवालाकडे वळू. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांत दाव्यासाठी कोणता पुरावा चालेल, याची यादी आहे. तीत गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल आणि नकाशे आहेत, म्हणजे साहेबाने महसुलासाठी लिहिलेला कागद आता गावाच्या बाजूने साक्ष देऊ शकतो. पण त्याच यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले निवेदनही आहे. विहिरी आहेत, दफनभूमी आहेत, देवराया आणि पवित्र झाडे आहेत. भामरागडकडे माडिया लोक मृतांच्या स्मरणार्थ उभे दगड रोवतात. काल ज्याला कोणी नुसता दगड म्हटले असते, तो आज पुरावा आहे. या वाटेने जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांना सामूहिक हक्क मिळाले. 'इतर पारंपरिक वननिवासीं'साठी मात्र तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची अट आहे. तिच्यापायी ढिवर, दलित आणि आपल्यातलीही कागद न जपणारी माणसे अडतात. वापरातून सिद्ध होणारा हक्क ही कल्पना आपल्यालाही ठाऊक आहे. जुन्या कब्रस्तानांना आणि मशिदींना तिचाच आधार होता. २०२५ च्या वक्फ दुरुस्तीने ती पुढच्या काळासाठी काढून टाकली. एका कायद्यात म्हाताऱ्याचा शब्द पुरावा म्हणून आत आला, दुसऱ्यातून पिढ्यांची वहिवाट बाहेर गेली.

एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. माडियांच्या लेखी तेथे ठाकूरदेव आहे. दर वर्षी जानेवारीत आसपासच्या गावांची यात्रा भरते, नगारे वाजतात, कोंबडे-बकरे चढवले जातात. सरकारी कागदात तेथे उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे, आणि २००७ मध्ये त्यातल्या ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा देण्यात आला. विरोध झाला, मोर्चे निघाले. मधल्या काळात माओवाद्यांनी गाड्याही जाळल्या. आज तेथून खनिज भरलेले ट्रक रात्रंदिवस निघतात. त्या ट्रकांवर काम करणारी काही पोरे याच गावांतली आहेत. गणवेश घातलेला, महिन्याचा पगार घरी आणणारा तो मुलगा जानेवारीत बापाबरोबर यात्रेलाही जातो. त्याला डोंगराचा कोणता अर्थ खरा वाटतो, असे विचारणारा रकाना आमच्या प्रश्नावलीत नव्हता. पुढच्या खेपेला आम्ही प्रश्नावली नेणार नाही.